गोदी कामगाराच्या पोराने रेडिओवर फुटबॉल बोलावं का?

प्रश्न: ताई, मी माझगावचा, वय 22, बाबा गोदीतून रिटायर झालेत. मला रेडिओवर फुटबॉलचा शो करायचाय, गुळमुळीत नाही, वाटतं ते तोंडावर बोलणारा. मित्र म्हणतात महिन्याभरात हाकलतील, तो इंग्लंडचा रेडिओवाला डॅनी बेकर असाच बोलायचा त्यालाही काढलंच ना. मग असं करिअर खरंच होतं का?

उत्तर: अरे होतं, आणि तू नेमकं त्याचंच नाव काढलंस, त्याचे वडीलही गोदी कामगारच, लंडनमधल्या डेटफर्डचा पोरगा, शाळा लवकर सोडली, रेकॉर्डच्या दुकानात कामाला लागला, मग पंक म्युझिकच्या एका घरगुती मासिकात लिहायला लागला. म्हणजे माईक हातात यायच्या आधी कितीतरी वर्षं तो लिहीत होता, लोकांशी बोलत होता. 1991 मध्ये बीबीसीवर त्याने सिक्स-ओ-सिक्स हा फोन-इन, म्हणजे श्रोत्यांनी फोन करून बोलायचा शो, सुरू केला, शनिवारी मॅचेस संपल्या की संध्याकाळी 6 वाजून 6 मिनिटांनी. फक्त कोण का हरलं हे तो विचारत बसायचा नाही, फुटबॉलभोवतीचे वेडेवाकडे किस्से लोकांकडून काढून घ्यायचा. पुढे त्याच्या शनिवार सकाळच्या शोमध्ये तर पाहुणा सॉसेज सँडविचवर लाल सॉस घेतो, ब्राऊन घेतो की काहीच नाही, हे ओळखायचा खेळ असायचा! आपल्याकडे वडापावला सुकी चटणी की गोड असं विचार, बघ फोनची लाईन कशी जाम होते.

आता काढल्याचं. फेब्रुवारी 1997, इंग्लंडच्या एफए कप स्पर्धेत चेल्सी आणि लेस्टर या क्लबांची रीप्ले, म्हणजे बरोबरी झाली म्हणून परत खेळवलेली मॅच, एक्स्ट्रा टाईम संपत आलेला आणि रेफ्रीने चेल्सीला पेनल्टी दिली, त्यांच्या लबफने ती मारली, गोल, लेस्टर बाहेर. पेनल्टी वादग्रस्त होतीच, मलाही चुकीची वाटते. बेकर तर मिलवॉलचा फॅन, म्हणजे यातली एकही टीम त्याची नाही, तरी तो एअरवर त्या रेफ्रीवर इतका तुटून पडला की बीबीसीने त्याला काढलं.

मित्रांना सांग, मत मांडलं म्हणून नाही काढलं. निर्णय चुकला, का चुकला, रेफ्री कुठे उभा होता, हे तू तासभर ओरडून बोल, कोणी काही म्हणणार नाही. पण ऐकणारे हजारो लोक एका माणसाच्या अंगावर सोडायचे नाहीत, तो माणूस उद्या भाजी आणायला बाहेर पडणार असतो. आणि नंतर बेकर बीबीसीच्याच 5 लाईव्ह या स्टेशनवर परत आला बरं का, वर्षानुवर्षं शो केला, अवॉर्ड्स घेतले. 2019 मध्ये पुन्हा काढलं ते एका ट्विटमुळे, फुटबॉलशी काही संबंध नाही, आणि तेव्हाही मला वाईट वाटलं तरी ते ट्विट चूकच होतं.

आपल्याकडची अडचण वेगळी आहे. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, लावायच्या तर आकाशवाणीच्याच, मॅचचं लाईव्हही नाही, लोकल खेळांचं समालोचन तेवढं चालतं. मग लोकलच पकड ना! कूपरेजच्या मैदानावर जा, मुंबईच्या लीगच्या मॅचेस बघ, लोक नसतात तिथे पण तूच असशील, मोबाईलवर मराठीत धावतं समालोचन रेकॉर्ड कर आणि घरी बाबांना ऐकव, मॅच न बघता त्यांना बॉल कुठे आहे ते कळलं पाहिजे. नाही कळलं तर परत कर. मी 14 वर्षं माईकसमोर आहे, आवाज गोड आणि मॅच न बघितलेले किती आले नि गेले, कॉलरने एक उलट प्रश्न विचारला की ततपप होतं त्यांचं. आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषकांची ऑडिशन निघते तीही दे, मराठी उच्चार तिथे घासूनपुसून बघतात, ते तुला पुढे कुठेही लागेल. आणि निदान दहा रेकॉर्डिंग झाल्याशिवाय कुठल्याच स्टेशनला फोन करू नकोस.