अकरावी सायन्सच्या मुलीला आरोग्य क्षेत्रात जायचंय, पण डॉक्टरीशिवाय काहीच माहीत नाही. शाळा काय करू शकते?

कॉलेज दाखवा, तेही आतून. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी (स्थापना १९९८) नर्सिंग, फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (आजारानंतर रोजची कामं पुन्हा करायला शिकवणारे उपचार) यांची राज्यभरातली कॉलेजं संलग्न आहेत. मुख्याध्यापकांनी जवळच्या प्राचार्यांना पत्र द्यावं: पंधरा मुलं, अर्धा दिवस, सोबत शिक्षक. सभागृहातलं भाषण नको, विभागात उभं राहू द्या.

आम्ही मुलं नेली तेव्हा अर्धांगवायू झालेले एक आजोबा शर्टाचं एकच बटण लावायला झटत होते. ऑक्युपेशनल थेरपिस्टताई हात न लावता शेजारी बसून होत्या. बटण लागलं तेव्हा आमची एक मुलगी रडली. परतताना एसटीत तिने विचारलं, “सर, हे शिकायला किती वर्षं लागतात?” तेव्हा उत्तर होतं साडेचार, इंटर्नशिप धरून.

प्रवेशाचे नियम मात्र सीईटी सेलच्या (राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या) त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच बघा.