विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरची कॉपी काढणं किंवा त्यात बदल करणं गुन्हा आहे का?

पैसे मोजून घेतलंय ना? मग बॅकअपची कॉपी काढा आणि गप्प झोपा.

आमचा देवगडात हापूसचा धंदा. पेट्यांच्या हिशोबासाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर पक्क्या बिलावर घेतलं आणि त्याच दिवशी सीडीची कॉपी काढून कपाटात टाकली. मे महिन्यात मेहुणा आला, पुण्यात आयटीत असतो. माझेच आंबे खाता खाता चार माणसांत म्हणाला, "भावोजी, ही चोरीच की!"

जूनमध्ये पहिल्याच गडगडाटात कॉम्प्युटरची डिस्क गेली. मूळ सीडीला आमच्या दमट हवेने बुरशी धरलेली. वाशीच्या अडत्यांकडची येणी पेनड्राइव्हवर होती, पण ती उघडायला प्रोग्रॅम तर हवा! विकणारा म्हणे, नवीन घ्या, पूर्ण किमतीत. कपाटातली कॉपी काढली, तासाभरात गाडी रुळावर.

मग कायदा वाचला. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(कक), इंग्रजी प्रतीत एए: प्रोग्रॅमची प्रत ज्याच्याकडे कायदेशीर आहे त्याने तो ज्या कामासाठी दिलाय त्याच कामासाठी कॉपी काढली, रूपांतर केलं किंवा नुकसानीच्या भीतीने बॅकअप ठेवला, तर कॉपीराइटचा भंग होत नाही. मेहुणा म्हणतो, "सॉफ्टवेअर टाकताना कंपनीच्या अटींखाली तुम्ही 'आय अ‍ॅग्री' दाबलंत." दाबलं! त्यावरून करार मोडल्याचं भांडण करा हवं तर, पण चोर कोणाला म्हणता?

बदलाचं म्हणाल, तर 'रूपांतर' त्याच कलमात आहे. मी बिलात किलोच्या जागी डझन आणि पेटी करून घेणार होतो, पण सोर्स कोड, म्हणजे ज्यात बदल करता येतो तो प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, कोण देतो? तो द्यायला कायदा विकणाऱ्याला भाग पाडत नाही. जीपीएलवालं, म्हणजे कोड खुला ठेवायची अट असलेल्या परवान्याचं सॉफ्टवेअर घेतलं असतं तर कोड मागता आला असता, हे उशिरा कळलं.

हां, तीच कॉपी भावाच्या दुकानात टाकलीत तर माझं नाव सांगू नका. चोरीची प्रत जाणूनबुजून वापरली तर कलम ६३ब: सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापरली नसेल तर कोर्ट कैद माफ करू शकतं. कॉपी करता येऊ नये म्हणून घातलेलं डिजिटल कुलूप फोडण्याचं प्रकरण वेगळं, त्याला २०१२ पासून ६५अ आहे. मोठं काम असेल तर वकिलाला विचारा, मी आंबेवाला.

यंदा मेहुण्याच्या पेटीत गवतावर कलम ५२ ची झेरॉक्स ठेवली होती. आंबे गोड निघाले असा फोन आला. झेरॉक्सबद्दल अवाक्षर नाही.