कुष्ठरोग कमी झाला तो कशामुळे?

प्रश्न : माझे बालपण पंचवटीत गेले. रामकुंडाच्या पायऱ्यांवर हातांना चिंध्या गुंडाळून बसलेले महारोगी तेव्हा रोज दिसत. आता क्वचितच दिसतात. हे केवळ गोळ्यांमुळे घडले का? क्षयरोगाबाबत यातून काही शिकता येईल का?
— एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : केवळ गोळ्यांमुळे नव्हे. नॉर्वेने १८५६ मध्ये कुष्ठरुग्णांची देशव्यापी नोंदवही सुरू केली, तेथील डॉक्टर हान्सेन यांना या रोगाचा जंतू १८७३ मध्ये सापडला आणि गुणकारी औषध तर १९४० च्या दशकात आले. तरीही तेथील नवे रुग्ण एकोणिसाव्या शतकातच घटू लागले होते. सुधारलेल्या राहणीमानाला त्याचे श्रेय किती आणि विलगीकरणाला किती, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मला त्या नोंदवहीचेच महत्त्व अधिक वाटते.

आपल्याकडे मात्र औषधांचा वाटा मोठा आहे. बहुविध औषधोपचारामुळे, म्हणजे अनेक औषधे एकत्र दिल्यामुळे, डिसेंबर २००५ मध्ये देशातील नोंदीतल्या रुग्णांचे प्रमाण दहा हजारांमागे एकाच्या खाली आले. परंतु हा आकडा जपून वाचावा. पूर्वी डॅप्सोन हे औषध वर्षानुवर्षे घ्यावे लागे आणि रुग्णाचे नाव तितकी वर्षे यादीत राही. आता सहा किंवा बारा महिन्यांत उपचार संपतो व नाव कमी होते, त्यामुळे नवे रुग्ण पूर्वीइतकेच आढळले तरी यादी आखूड होते. म्हणून नवे रुग्ण किती, त्यांत मुले किती आणि निदानाच्या वेळीच विकृती आलेले किती, हे पाहावे.

शोध थांबला की रोग लपतो, कारण पाठीवरचा फिकट चट्टा दुखत नाही, खाजत नाही. डोळे मिटायला सांगून त्यावरून कापसाचे टोक फिरवले, तर अनेकदा रुग्णाला ते कळतच नाही. शिवाय या उपचारातील क्लोफाझिमिन या औषधाने कातडी काळवंडते, हे आधी सांगितले नाही तर रुग्ण घाबरून गोळ्या सोडतो.

क्षयरोगातही घरातील सर्वांची तपासणी आणि पूर्ण मुदतीचा उपचार याच गोष्टी कळीच्या आहेत. फरक वेगाचा आहे : कुष्ठरोगाची लक्षणे दिसायला सरासरी पाच वर्षे लागतात, तर क्षयरोगात निदानाला काही आठवड्यांचा उशीरही घरच्यांना बाधू शकतो.

जाता जाता, कुष्ठरोगात बोटे आपोआप गळून पडत नाहीत. बधिर हाताला वारंवार इजा होऊन ती झिजतात. घाटावर अशी व्यक्ती दिसलीच, तर ती बहुधा उपचार घेऊन केव्हाच बरी झालेली असते आणि तिच्यापासून संसर्गाची भीती नसते.