गुंतवणूक म्हणून पहिल्यांदाच प्लॉट घेतोय. वकील आणि सीए दोघेही लागतात का? फी किती जाते?

दोघेही लागतात, आणि विसार देण्याआधी लागतात. साठेखत (विक्रीचा करार) झाल्यावर वकिलाकडे जाऊन काय उपयोग? आणि वकील तुमचा हवा. एजंट 'आपलाच माणूस आहे, करून देईल' म्हणतो, तो नव्हे.

आम्ही भोरच्या बाजूला एन.ए. (बिगरशेती) प्लॉट बघत होतो तेव्हा घरात यावरूनच जुंपली. काकांचं म्हणणं, सातबारा कोरा आहे, मालक ओळखीतला आहे, वकिलाला पैसे कशाला घालायचे? मी हट्टाने सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या जुन्या नोंदी तपासून वकिलाने दिलेला अहवाल, काढायला लावला. वकीलबाई ऑनलाइन सातबाऱ्यावर थांबल्या नाहीत, तहसीलमधून जुने हस्तलिखित फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) काढले. मालकाचे वडील वारल्यानंतरच्या वारस नोंदीत मालक आणि त्याचा भाऊ कब्जेदार, म्हणजे मालकांच्या रकान्यात, आणि दोन बहिणींची नावं 'इतर हक्कात', म्हणजे वेगळ्या रकान्यात. पुढे सातबारा नव्याने लिहिताना ती नावं गळाली. बहिणींनी हिस्सा सोडल्याचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र कुठेच नाही. चौघांचा हिस्सा असलेली जमीन दोघे विकायला निघाले होते! बहिणी 'मान्यता देणार' म्हणून, म्हणजे विक्रीला संमती देणारा पक्ष म्हणून, खरेदीखतावर सह्या करतील तरच व्यवहार, असं बाईंनी स्पष्ट सांगितलं. थोरल्या बहिणीने सहीआधी भावांकडून आपला वाटा घेतला. तिचा हक्कच होता तो.

काका अजून म्हणतात, सह्या नसत्या तरी काही बिघडलं नसतं. बिघडलं असतं. दुय्यम निबंधक दस्त नोंदवतो, मालकी तपासत बसत नाही. उद्या बहिणींनी दावा लावला असता तर कोर्टात खेटे आम्हीच घातले असते.

करातही घरच्यांचे सल्ले ऐकू नका, त्यासाठीच सीए लागतो. 'बायकोच्या नावावर घे, भाडं तिचं दाखव' हा सल्ला तर नकोच. पैसे तुमचे असतील तर ते भाडं तुमच्याच उत्पन्नात धरतात. किंमत 50 लाख किंवा त्याहून जास्त असेल तर 1 टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या पैशातून आधीच कापायचा कर) कापून भरायची जबाबदारी खरेदीदाराची. विकणारा अनिवासी (एनआरआय) असेल तर 50 लाखांची मर्यादाच नाही, दरही कितीतरी जास्त. हे रिटर्न भरताना कळून काय फायदा?

फी गावागणिक बदलते, आधी ठरवून घ्या. आणि हो, बँकेचं कर्ज असेल तर बँकेचा वकील कागद बघतो, पण बँकेसाठी. घरचे फीवरून कुरकुरले तर वारस नोंदीचा फेरफार काढून त्यांनाच वाचायला द्या.