५५ की ६५ ते नंतर, आधी आईवडिलांच्या जागेवर बसून बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सांगलीत घर, हॉल बारा बाय सोळा, सोफा टीव्हीच्या भिंतीपासून नऊ फुटांवर, बजेट ८० हजार. ५५ इंची टीव्ही घ्यावा की ६५, ओएलईडी की क्यूएलईडी (पडद्याचे दोन प्रकार), दुकानातून की ऑनलाइन? आणि अगदी शेवटी एक ओळ, ‘घरात आईवडील आहेत, दिवसभर टीव्ही तेच बघतात.’

ती ओळ वाचली आणि राहवलं नाही म्हणून लिहायला बसले. टीव्ही ज्यांच्यासाठी येतोय त्यांचा नंबर सगळ्यात शेवटी. आमच्या घरी नेमकं हेच झालं होतं.

माझं माहेर सांगलीतच, गावभागात. जुनं घर, खाली हॉल, वर माडी. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटी राहते. मी विश्रामबागला असते, रोज संध्याकाळी तिच्याकडे चक्कर असतेच. दादा पुण्यात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फूट ६ इंचांवर गेली (धोक्याची पातळी ४५, सांगलीच्या माणसाला हे सांगायला नको), तेव्हा आमच्या हॉलमध्ये पाणी सात फूट चढलं. टीव्ही, फ्रिज, बाबांची पुस्तकं, सगळं गेलं. गाळ काढल्यावर भिंतीवर जी रेघ उरली ती रंग दिल्यावरही दिसते. नंतर मी आमच्याकडचा जुना ३२ इंची टीव्ही आईला दिला. २०२१ ला पुन्हा पाणी वाढायला लागलं तेव्हा शेजारचा मुलगा आणि मी, दोघांनी तो टेबलावरून उचलला आणि पाच मिनिटांत माडीवर नेऊन ठेवला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

२०२२ च्या दिवाळीला दादाने आईसाठी ५५ इंची घेतला. मनापासून घेतला, ते मी कधीच नाकारलं नाही. महिनाभर रिव्ह्यू वाचले, ऑनलाइन मागवला, थेट गावभागात पोचता केला. मी एवढंच म्हटलं होतं, “आईला एकदा दुकानात नेऊन दाखवूया की.” त्यावर त्याचं उत्तर, “तिला त्यातलं काय कळतंय?” ते वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

बसवायला माणूस आला तेव्हा दादा व्हिडिओ कॉलवर होता. “वर घ्या, अजून वर घ्या, तिथे पूर येतो.” टीव्हीची खालची कड जमिनीपासून पाच फुटांवर गेली. पाण्याची रेघ सात फुटांवर आहे, हे मी त्या रेघेखाली उभी राहून सांगत होते. म्हणजे तेवढं पाणी आलं असतं तर टांगलेला टीव्हीही बुडालाच असता. शिवाय भिंतीला स्क्रूने आवळलेला, ऐनवेळी काढणार कोण? सत्तरीच्या पुढची बाई?

आठवडाभरातच आई म्हणायला लागली, “अगं, पांढुरकं दिसतंय. धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखं.” आम्ही सगळ्यांनी ते तिच्या डोळ्यांवर ढकललं. आदल्याच वर्षी तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. दादा म्हणाला नंबर बदलला असेल. मीही तेच म्हणाले, ही माझी चूक. तिला मिरजेला डॉक्टरांकडे नेलं. ऑपरेशननंतर कधीकधी लेन्समागचा पातळ पडदा गढूळ होतो आणि लेझरने साफ करावा लागतो, तेही त्यांनी तपासलं. स्वच्छ होता. उलट ते म्हणाले, पिकलेला मोतीबिंदू म्हणजे डोळ्यापुढे पिवळी काच, ती गेल्यावर रंग आधीपेक्षा ठसठशीत दिसायला हवेत. परत येताना आई रिक्षात काही बोलली नाही. त्यानंतर तिने तक्रार करणंच सोडलं. संध्याकाळी गेलं की टीव्ही बंद आणि आई आकाशवाणी लावून बसलेली.

जून २०२३ मध्ये तिला ताप आला म्हणून मी तीन रात्री तिथे राहिले. तिची खाट खिडकीच्या भिंतीला लागून आहे, टीव्हीच्या बाजूला. पाय चेपत खाटेवर बसले होते, बातम्या लावलेल्या. निवेदिकेचे केस करडे, चेहरा राख फासल्यासारखा, साडी फिकट गुलाबी. मी पाणी आणायला उठले, येताना सोफ्यावर टेकले, तर तीच साडी गडद डाळिंबी. पुन्हा खाटेवर गेले, पुन्हा गुलाबी. चार वेळा ये-जा केली. आठ महिने आई खरं बोलत होती आणि आम्ही तिला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेत होतो. मला रडू आलं.

याचं कारण साधं आहे. तुम्ही ज्याला एलईडी किंवा क्यूएलईडी म्हणता तो मुळात एलसीडीच, मागून उजेड दिलेला. क्यूएलईडीत त्या उजेडासमोर क्वांटम डॉटचा थर असतो म्हणून रंग जास्त भरतात, एवढाच फरक. पण एलसीडीचं पॅनेल दोन जातींचं येतं. व्हीए पॅनेल समोरून बघाल तर काळा रंग दाट, कॉन्ट्रास्ट (पांढरा काळ्यापेक्षा किती पट उजळ) ३००० ला १ च्या घरात किंवा वर. २५-३० अंश बाजूला सरकलात की ते फिकटायला लागतं. आयपीएस पॅनेलचा कॉन्ट्रास्ट १००० ला १ च्या आसपास, रात्री दिवे घालवले की काळा करडा वाटतो, पण बाजूने रंग बरेच टिकतात. आमचा व्हीए निघाला. आईची उशी टीव्हीच्या भिंतीपासून पाच फुटांवर आणि पडद्याच्या मध्यापासून पाच फूट बाजूला, म्हणजे बरोबर ४५ अंश. शिवाय ती आडवी पडून वर बघणार, तो कोन आणखी वेगळा.

दादाला फोन केला तर तो म्हणाला, “कंपनीने १७८ अंश लिहिलंय.” हे आता स्पष्टच सांगते, कारण तुम्हालाही दुकानात हाच आकडा ऐकवतील. बघण्याचा कोन १७८ अंश, असं जवळजवळ प्रत्येक एलसीडीवर लिहिलेलं असतं. कॉन्ट्रास्ट १० ला १ इतका खाली येईपर्यंत चित्र ‘दिसतं’ असं धरून तो आकडा काढतात. ३००० वरून १० वर. त्या आकड्यात साडीचा रंग कुठे मोजलेलाच नाही.

दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनला बोलावून टीव्ही खाली उतरवला. ५५ इंचीचं वजन पंधरा किलोच्या आसपास असतं, दोघांना सहज पेलतं. खोक्यातले पाय माडीवर जपून ठेवले होते ते बसवले. पाय दोन टोकांना असल्यामुळे टेबल चार फूट रुंद लागलं. ते कोपऱ्यात थोडं तिरकं लावलं, पडद्याचं तोंड खाटेकडे. आता सोफा आणि खाट दोन्हींना साधारण सारखा कोन येतो. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या रेषेत, जमिनीपासून साडेतीन फूट. उंचीचा हिशोब एवढाच असतो. आणि पाणी आलंच तर दोघं जण उचलून माडीवर. भिंतीतली चार भोकं बुजवली.

२०२५ च्या २ नोव्हेंबरला, रविवारी, दादा घरीच होता. महिला विश्वचषकाची फायनल. पावसामुळे मॅच उशिरा सुरू झाली. स्मृती मानधना आपल्या सांगलीची, त्यामुळे आईने दुपारपासून खाट सोडली नव्हती. स्मृतीने ४५ केल्या, आपण ५२ धावांनी जिंकलो, तोवर मध्यरात्र झाली होती. दादा सगळा वेळ आईच्या पायथ्याशी खाटेवरच बसून होता. सोफा रिकामा होता. तो त्याबद्दल काही बोलला नाही, मीही विचारलं नाही.

आता तुमचं. नऊ फुटांवरून, टीव्ही फक्त समोरून बघायचा असेल तर हिशोबाने ६५ बसतो. अंतर पडद्याच्या कर्णाच्या दीडपट-पावणेदोनपट धरतात, ६५ ला ते साडेआठ फुटांच्या आसपास येतं. पण आईवडील एसडी (साधी, कमी स्पष्ट चित्राची) चॅनेल बघत असतील तर ५५ च घ्या. एसडी चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, फोर के पडदा ३८४० बाय २१६० चा. एका ठिपक्याचे वीस करून ताणायचे, म्हणजे चेहरे मेणाचे होणार. पडदा जितका मोठा तितकं ते डोळ्यांवर येतं. मोठा टीव्ही घेणार असाल तर सेट-टॉप बॉक्स आणि पॅक एचडी करून घ्या.

ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे बाजूने सगळ्यात चांगला तोच दिसतो. पण ८० हजारांत तुमच्या मापाचा मिळणं अवघड. आणि दिवसभर एकच बातम्यांचं चॅनेल चालणार असेल तर त्याचा लोगो आणि खालची पट्टी कालांतराने पडद्यावर कायमची उमटू शकते.

दुकानातूनच घ्या, आईवडिलांना बरोबर घेऊन. डोंगर-समुद्राचा डेमो बंद करायला लावा, बातम्यांचं चॅनेल लावायला सांगा. दुकानातला भडक मोड काढून सिनेमा किंवा फिल्ममेकर मोड लावा, मग बाजूला सरकत सरकत माणसांचे चेहरे बघा. पॅनेल कुठलं ते खोक्यावर सहसा लिहिलेलं नसतं आणि एकाच सिरीजमध्ये ५५ ला एक, ६५ ला दुसरं असू शकतं, म्हणून जो घेणार तोच तुकडा बघा. आवाजही तिथेच ऐका. पातळ टीव्हीचे स्पीकर तळाशी, खाली तोंड करून असतात, वयस्कर माणसाला संवाद कळत नाहीत. १० हजार बाजूला ठेवून संवाद उठावदार करणारा साउंडबार (टीव्हीपुढे ठेवायचा लांबट स्पीकर) घेतलात तर तो मोठ्या पडद्यापेक्षा जास्त उपयोगी पडेल.

राहिलेल्या दोन गोष्टी. काही महागड्या व्हीए टीव्हींवर कोन वाढवणारा थर असतो, त्यामुळे सगळेच व्हीए वाईट असं मी म्हणत नाही. ज्यांच्या घरात सगळे समोरच बसतात त्यांना व्हीए उत्तम. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, मूळ किंमत ५० हजार असेल तर ६४ चे ५९ हजार होतात. कोणी जुन्या छापील किमतीवर सूट दाखवत असेल तर हे धरून हिशोब करा.

आईवडील हॉलमध्ये नेमके कुठे बसतात, खाटेवर की खुर्चीत, टीव्हीच्या मध्यापासून किती फूट बाजूला, ते तुम्ही लिहिलेलं नाही. टेप लावून मोजा आणि कळवा, मग ६५ चं बघू.