पहिल्यांदाच मित्रमंडळींना चित्रं बघायला नेतोयस?

छान, नक्की ने! बडोद्याचं फतेहसिंह म्युझियम लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातच आहे, रविवर्म्याच्या चित्रांपासून सुरुवात कर. सयाजीराव महाराजांनी (तिसरे) त्याच्याकडून मुद्दाम पौराणिक चित्रं करवून घेतली होती.

सगळं म्युझियम एका दिवसात बघायला जाऊ नका, तीन चित्रं पुरेत. प्रत्येकासमोर आधी पाच मिनिटं कोणी बोलायचं नाही. पाटी नंतर वाचायची, फोन खिशात.

नवख्यांचं हमखास चुकतं ते इथे: गोष्ट माहीत असली की चित्र बघणं थांबतं. ‘सीता भूमिप्रवेश’समोर उभे राहिलात की कोणीतरी लगेच उत्तररामायण सांगायला लागेल. त्याला प्रेमाने थांबव. भूमातेने सीतेला कसं धरलंय? सीतेची नजर कुठे आहे? रामाचे हात काय सांगतायत? हे आधी बोला. कोणी म्हणालं, ‘राम पस्तावलाय’, तर एवढंच विचार: ‘हे तुला चित्रात कुठे दिसलं?’ हा प्रश्न सगळ्यात कामाचा, कारण मग बाकीचेही पुन्हा चित्राकडे वळतात आणि वाद रंगतो.

अजून दोन गोष्टी:
- पाच-सहा जणांपेक्षा मोठा गट नको.
- कला शाखेच्या पोरांना शेवटी बोलू दे, नाहीतर कॉमर्सवाले गप्प बसतात.

तैलरंगाचं तंत्र, युरोपीय शैली, छापील चित्रं वगैरे आत्ता राहू दे. सोमवारी म्युझियम बंद असतं, तेवढं बघून दिवस ठरव.