गाडीची बॅटरी घरी बदलताना आधी कोणती वायर काढायची?

आधी निगेटिव्ह, म्हणजे बहुतेक गाड्यांत काळी. तरी रंगावर विसंबू नका, बॅटरीवरची उणे खूण बघा.

कारण असं, की गाडीची सगळी बॉडी निगेटिव्हला जोडलेली असते. ती जोडणी असतानाच तुम्ही पॉझिटिव्हचा नट सोडवायला गेलात आणि पाना चुकून बॉनेटखालच्या पत्र्याला लागला, की थेट शॉर्ट. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण शेकडो अँपिअर वाहतात. पाना लालबुंद होऊ शकतो. त्यात बॅटरीजवळ हायड्रोजन साचलेला असेल तर ठिणगीने स्फोटही होतो. निगेटिव्ह आधी सुटली की ही भीती उरत नाही. बसवताना उलट: आधी पॉझिटिव्ह, शेवटी निगेटिव्ह.

इंजिन बंद, चावी बाहेर. अंगठी, कडं काढून ठेवा (लोक इथेच हसण्यावारी नेतात). चष्मा आणि हातमोजे हवेत, आत सल्फ्युरिक ॲसिड आहे. बहुतेक गाड्यांना १० नंबरचा पाना पुरतो. बॅटरी दहा-पंधरा किलोची असते, आडवी करू नका. बॅटरी जागेवर धरून ठेवणारी पट्टी घट्ट बसवा.

नवीन घेताना अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता, याबरोबर टर्मिनल कोणत्या बाजूला आहेत तेही जुळवा, नाहीतर वायर पोचत नाही. सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन असेल तर साधी बॅटरी चालणार नाही. ईएफबी किंवा एजीएमच (इंजिन सारखं बंद-चालू होणं सोसणाऱ्या बॅटरीचे प्रकार) घ्या, आणि अशी गाडी मी तरी सर्व्हिस सेंटरलाच नेईन.

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका. दुकानदार ती घेऊन किमतीत सूट देतो.